अ‍ॅग्नेस मार्टिन: मिनिमलिस्ट की अमूर्त अभिव्यक्तिवादी?

चित्रकार मार्टिनला मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या, साध्या आकारांत काम करणारी, म्हणणाऱ्या समीक्षकांकडे पुरावा आहे: सहा फुटी चौरस कॅनव्हास, आडव्या-उभ्या रेघांची जाळी, अगदी फिके रंग. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या ‘सिस्टेमिक पेंटिंग’ या मिनिमलिझमशी जोडल्या जाणाऱ्या प्रदर्शनातही तिचं काम होतं.

ती मात्र स्वतःला अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे ओळखीच्या वस्तू न काढता रंग-रेषांतून भावना मांडणारी, मानायची. पिढीही तीच, जन्म १९१२चा, त्या प्रवाहातला गाजलेला चित्रकार जॅक्सन पोलॉक याच्याच वर्षीचा. मला तिचंच म्हणणं पटतं. डोनाल्ड जडसारख्या मिनिमलिस्टांनी वस्तू कारखान्यात बनवून घेतल्या, हाताची खूणच ठेवली नाही. मार्टिनची पेन्सिल कॅनव्हासच्या विणीवर अडखळते, रेघ किंचित थरथरते. जवळ जाऊन पाहिलं की ती थरथरच चित्र होऊन बसते! शिवाय तिला आनंद आणि निरागसता रंगवायची होती. नुसत्या जाळीवरून तिला जडच्या रांगेत बसवणं म्हणजे ही भावना नजरेआड करणं.