१५१२ वं पान: व्हॅटिकन ग्रंथालयाची डिजिटल पोथी

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. अजूनही कुठलंही पान समोर आलं की नजर आधी समासाकडे जाते. यंदाच्या पावसाळ्यात, गोदेचं पाणी नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं त्या आठवड्यात, घरात बसून करायचं काय म्हणून नातवाने लॅपटॉपवर डिजिव्हॅटलिब उघडून दिलं. व्हॅटिकन ग्रंथालयाची हस्तलिखितं इथे घरबसल्या पाहता येतात. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. मी पाहिलं ते 'व्हॅटिकनस ग्रीक १२०९', म्हणजे कोडेक्स व्हॅटिकानुस.

ग्रीक भाषेतलं हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मुळात चौथ्या शतकातलं. चर्मपत्राची ७५९ पत्रं आज शिल्लक आहेत; पानांचे आकडे मात्र पत्राच्या दोन्ही बाजू मोजून दिलेले. पान जवळजवळ चौकोनी, बहुतेक ठिकाणी तीन स्तंभ, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. मला ग्रीक येतं असं नाही. आमच्या चर्चच्या पाळकांकडून शरणपूर रोडच्या घरी चोवीस अक्षरं गिरवून घेतली होती, तेवढ्या भांडवलावर मराठी शास्त्र शेजारी ठेवून बोट फिरवत जाते.

पान मोठं करत गेलं की एक गोष्ट दिसते आणि मग तिच्यावरून डोळा हलत नाही. शाईवर शाई आहे. मूळची शाई फिकट तपकिरी. काही शतकांनी ती विटली, तेव्हा मध्ययुगातल्या कुणा लेखनिकाने सगळी अक्षरं पुन्हा गिरवली आणि वर स्वराघाताच्या खुणाही दिल्या. मात्र जिथे आधीच्या माणसाकडून शब्द दोनदा पडला असं त्याला वाटलं, किंवा एखादं अक्षर चुकीचं वाटलं, तिथे त्याने गिरवलंच नाही. खोडलंही नाही. ती अक्षरं जुन्या फिकट शाईत तशीच राहिली, आणि आज केवळ तिथेच पहिल्या माणसाचा हात उघडा दिसतो. इतकी सभ्य दुरुस्ती मी आमच्या छापखान्यात कधी पाहिली नाही.

आता १५१२ वं पान. बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, अध्याय १, वचन ३. पहिल्या लेखनिकाने तिथे 'फानेरोन' लिहिलं, म्हणजे प्रकट करणारा. नंतर कुणीतरी ते 'फेरोन' केलं, म्हणजे धारण करणारा. मग आला तिसरा. त्याने जुना शब्द परत जागेवर बसवला आणि शेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहून ठेवलं: महामूर्खा, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस!

मला एकदम सटाण्याकडचे एक लेखक आठवले. त्यांच्या कथेत आई मुलाला 'मना आंडोर' म्हणत होती. मी नवी होते, गॅलीवर, म्हणजे कच्च्या मुद्रितावर, 'माझा मुलगा' करून टाकलं. ते एसटीने नाशिकला आले, गॅली माझ्यापुढे ठेवली आणि एवढंच म्हणाले, "बाई, माझी आई असं बोलत नव्हती." ते शिव्या देणारे नव्हते. समासातली ती शिवी वाचताना मात्र ती मला उद्देशून आहे असंच वाटलं.

अर्थाच्या दृष्टीने 'फेरोन' बरोबर आहे, जवळजवळ सगळ्या प्रतींत तेच आहे आणि आपलं मराठी शास्त्रही त्याच अर्थाने चालतं. तरी मी त्या तिसऱ्याच्या बाजूची आहे. शंका समासात लिहावी, मजकुरात हात घालू नये.

मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट १३०३ व्या पानावर. येशूच्या कबरेपासून पळालेल्या स्त्रियांविषयीच्या सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला मजकूर थांबतो, "कारण त्या भ्याल्या होत्या", आणि पुढचा अख्खा स्तंभ कोरा. आपल्याकडे पुढे वीस वचनांपर्यंत आहे. ती कोरी जागा मी बराच वेळ पाहत बसले. इब्रीच्या नवव्या अध्यायातही मूळ पानं तुटलेली आहेत. पुढचा भाग आणि प्रकटीकरण हे नव्या करारातलं शेवटचं पुस्तक पंधराव्या शतकातल्या हाताने भरून काढलंय. तिथे अक्षराचं वळणच बदलतं. सुटी, ठाशीव अक्षरं संपून जोडून लिहिलेली लपेटदार अक्षरं सुरू होतात. बाळबोधीतून थेट मोडीत शिरल्यासारखं वाटतं.

पाहणाऱ्यांसाठी थोडं: फोनवर बसू नका, समासातली अक्षरं हाती लागत नाहीत. मोठा पडदा घ्या. संकेतस्थळ इटालियन, इंग्रजी आणि जपानीत आहे, मराठीत नाही, आणि कुठल्या पानावर काय हे आधी टिपून ठेवलेलं बरं. चित्रं सावकाश उघडतात तेव्हा घाई करू नये. थोडं थांबलं की चर्मपत्राच्या सुरकुत्या आणि मागच्या बाजूच्या अक्षरांची सावलीसुद्धा दिसते.

१५१२ व्या पानाची एक प्रत स्वतःपुरती छापून घ्यायला गावातल्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने आपुलकीनेच "काकू, पान डागाळलंय, साफ करून देतो" म्हणत पार्श्वभूमी पांढरीशुभ्र केली. सुरकुत्या गेल्या, सावली गेली, समासातली बारीक टीप अर्धी उडाली. मी त्याला ती टीप लॅपटॉपवर दाखवली, अर्थ सांगितला. त्याने खुर्ची ओढून पान मोठं केलं, बराच वेळ पाहिलं आणि काहीही न बदलता दुसरी प्रत काढली. पैसे एकाच प्रतीचे घेतले. ती प्रत आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.