हवेची कयाक, भोगावती आणि कोरड्या पायऱ्या: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात कयाक घेतली, हवा भरायची, दोघांना बसता येणारी. आता जून लागलाय, बोट धुऊन वाळवून ठेवायची वेळ आली म्हणून सगळं लिहून काढतोय. घ्यायच्या आधी मी दोन महिने नुसते व्हिडिओ बघत होतो आणि सगळीकडं मटेरियल, सीट, पंप, रंग एवढंच. नदीला पाणी किती असताना ही बोट कशी वागते हे मला कुठं नीट ऐकायला मिळालं नाही, आणि आठ महिन्यांनी माझं ठाम मत झालंय की नवशिक्यानं बोटीच्या आधी पातळी वाचायला शिकावं.

आधी बोटीचं उरकतो. साडेतीन मीटर लांब, वजन १६ किलो, सॅकमध्ये मावते. बाजूला दोन ट्यूब, आणि तळ ड्रॉप-स्टिचचा, म्हणजे वरचा आणि खालचा थर आतून धाग्यांनी बांधलेला असतो त्यामुळं हवा भरली की फळीसारखा कडक होतो. आमच्या बोटीला ट्यूबमध्ये ३ पीएसआय आणि तळात ८ भरायला सांगितलंय. तळात हवा कमी राहिली की बोट मधेच वाकते आणि वळता वळत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं कारण सोबत आलेल्या पंपाचा काटा चुकीचा होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तीनदा फोन केला, दीड महिन्यानं दुसरा पंप आला. तेवढे दिवस मी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून काटा तपासून घ्यायचो. तळाला पाणी निघून जायला भोकं आहेत, त्यांना बुचं लावता येतात. मी ७५ किलो, भाऊ त्याच्यापेक्षा जरा जास्त, त्यामुळं बुचं काढली की सीटखाली बोटभर पाणी उभंच राहतं, पण खळाळात लाट आत आली तर आपोआप निघून जाते आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्यात मात्र बोट काठावर तापत ठेवू नका, आतली हवा फुगते आणि शिवणीवर ताण येतो. आणि पाण्यात गेली की थंड होऊन ट्यूब मऊ पडते म्हणून पंप सोबत ठेवा.

शिकलो मात्र आम्ही कोल्हापुरात नाही, कोलाडला. कुंडलिका नदी ही नवशिक्यांसाठी चांगली का, तर तिथं पाणी ठरावीक असतं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला आणतात, हे वीजघर १९२७ पासून आहे, आणि तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टिंगवाले निघतात आणि ते ओसरलं की दिवस संपला. ग्रेड दोन ते तीनचे रॅपिड, म्हणजे खळाळ (ग्रेड जितकी जास्त तितका खळाळ अवघड), लाटा मोठ्या पण खाली डोह आणि सोबत माणसं. तिथं दोन दिवसांत पोहायची पद्धत शिकवली, पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं प्रवाहाच्या दिशेला आणि बोटं पाण्याच्या वर, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडात अडकला तर पाणीच माणसाला पालथं घालतं. आम्ही दोघं पंचगंगेच्या घाटावर लहानपणापासून पोहलेले, इनर घेऊन पुरात उतरणाऱ्यांना बघत मोठे झालेले, तरी ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती.

आणि परत आल्यावर आमच्या नदीवर उतरलो तेव्हा कळलं की इथं पाणी ठरावीक नाही. आमचा पट्टा भोगावतीवर, राधानगरीच्या खालच्या अंगाला, दोन बंधाऱ्यांच्या मधला साधारण चार किलोमीटरचा. वरच्या दीड किलोमीटरात तीन खळाळ आहेत, पुढं सगळा डोह. दोन्ही बाजूला ऊस, मळीचं रान, मोटारींचे पाईप, थंडीत गुऱ्हाळाचा वास. ग्रेड म्हणाल तर एक, चांगलं पाणी असताना एक-दोन खळाळ दोनला टेकतात.

कोल्हापुरात पातळी म्हटलं की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, २०१९ आणि २०२१ ला आपण ५५ च्या वर बघितलीय. मी पण सुरुवातीला तोच आकडा बघून निघायचो आणि दोनदा फसलो. राजाराम आहे कसबा बावड्याला, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती चारही प्रयाग चिखलीला एक झाल्यावरच्या खाली. तिकडं कासारीला पाणी वाढलं तरी तो आकडा चढतो आणि भोगावती तशीच असते. उलट राधानगरीतून आज पाणी सोडलं तर आमच्या पट्ट्यात ते आधी येणार, राजारामला मागनं. वर काय चाललंय त्यासाठी विसर्ग बघायला लागतो. राधानगरीचं एक स्वयंचलित गेट उघडलं की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी, आणि अशी सात गेटं आहेत, धरण पूर्ण भरलं की ती आपली आपण उघडतात. गेट उघडं असेल त्या दिवशी आमच्यासारख्यानं घरातच बसायचं.

मग आम्ही आमचं माप केलं. उतरतो त्या गावात पहिल्या खळाळाच्या जरा वर एक जुना दगडी घाट आहे, २२ पायऱ्यांचा. प्रत्येक वेळी उतरायच्या आधी कोरड्या पायऱ्या मोजायच्या (जास्त कोरड्या म्हणजे पाणी कमी) आणि वहीत लिहायच्या, सोबत कसं गेलं ते. आतापर्यंत ३१ नोंदी झाल्यात.

नऊ-दहा पायऱ्या कोरड्या असतात तेव्हा, म्हणजे आमच्याकडं ऑक्टोबरचा शेवट, नदी दिसायला एकदम सोपी दिसते कारण बरेच दगड पाण्याखाली गेलेले असतात आणि सगळं गुळगुळीत वाहतं. पण ते सोपं नाही. खडकाच्या मागं जे संथ, उलटं फिरणारं पाणी असतं, एडी म्हणतात त्याला, ते या पातळीला नाहीसं होतं आणि थांबायला जागाच राहत नाही. काठाची करंजाची झाडं पाण्यात आलेली असतात, फांद्यांमधनं पाणी पलीकडं जातं पण माणूस आणि बोट जात नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, हे कोलाडच्या मास्तरांनी सांगितलेलं मला इथं फांदीला हात लावल्यावर पटलं, खांद्यातनं कळ आली.

अकरा ते तेरा पायऱ्या, हे सोन्यासारखं पाणी. नोव्हेंबर जवळपास सगळा. दगड दिसतात, त्यांच्यामागं थांबायला जागा असते, वाट स्पष्ट असते. पाण्यावर इंग्रजी व्ही सारखा आकार दिसतो, त्याचं टोक खाली प्रवाहाकडं असेल तर मधे खोल वाट आहे, टोक वर आपल्याकडं असेल तर तिथं खडक लपलाय. हे एकदा डोळ्यात बसलं की खळाळ वाचता येतो. नवीन माणसाला घेऊन जायचं असेल तर मी ह्याच पाण्यात नेतो.

सोळाच्या पुढं गेलं की सगळ्यांना वाटतं पाणी कमी म्हणजे धोका कमी. माझी सगळ्यात वाईट वेळ याच पातळीला आली. फेब्रुवारीतला रविवार, १७ पायऱ्या कोरड्या, दुसऱ्या खळाळात वाट जेमतेम बोटीएवढी उरलेली. तळाचा पंखा, म्हणजे बोट सरळ चालावी म्हणून खाली लावतात ती पट्टी, काढायचा राहिला होता, तो दगडाला घासला आणि बोट आडवी होऊन एका खडकावर जाऊन टेकली. भाऊ घाबरून खडकापासून लांब, प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकला, आणि त्याच क्षणी त्या बाजूची ट्यूब पाण्याखाली गेली. दोन सेकंदात बोट भरली आणि खडकाला बाहेरून मिठी मारल्यासारखी वाकून बसली. पाणी गुडघाभर. एवढ्याशा पाण्यात दोघांना ओढून बोट हलेना. शेवटी वरची ट्यूब रिकामी केली, मग दोरी लावून काठावरनं ओढली तेव्हा सुटली. खडकाला बोट लागली तर खडकाकडं झुकायचं, त्याला छातीशी धरल्यासारखं, हे कोलाडला दहा वेळा सांगितलं होतं, पण त्या वेळी अंग उलटं वागतं. आता आम्ही दर वेळी काठावर कोरडं बसून तो सराव करतो. त्या दिवशी तळाला बोटभर चीर गेली होती, आत हवेचा थर वाचला. पीव्हीसीचा तुकडा आणि चिकटवायचं सोल्युशन, दोन्ही बाजू घासून, २४ तास वजन ठेवून, अजून टिकून आहे.

बरगे हा वेगळा विषय. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, आणि पाणी अडलं की मागं फुग येते. खालच्या बंधाऱ्याला बरगे पडले आणि आमचा तिसरा खळाळ पाण्याखाली गेला, मेपर्यंत तो दिसलाच नाही. सरावाला मात्र ते संथ पाणी छान. पण बंधारा स्वतः, त्याच्यावरनं पाणी जात असो की बरग्यांच्या फटीतनं, बोटीनं जवळ जायची जागा नाही. फटीकडं पाणी ओढतं आणि सांडव्याखाली पाणी परत मागं बंधाऱ्याकडंच फिरतं, त्यात सापडलेला माणूस जॅकेट घालूनही तिथल्या तिथं गोल फिरत राहतो. आम्ही शंभर मीटर आधी काठाला लागतो आणि बोट खांद्यावरनं नेतो. १६ किलोची किंमत तिथं कळते.

शेवटची नोंद मेच्या अखेरची. वळवाचे चार-पाच मोठे पाऊस झालेले, घाटावर १२ पायऱ्या कोरड्या, आम्ही खूश. मी चप्पल वरून दहाव्या, कोरड्या पायरीवर काढली आणि वर जाऊन हवा भरायला लागलो. तिथं मोटारीवर एक आबा असतात, ते पाईपला टेकून नदीकडं बघत होते. म्हणाले, "आज उतरू नगासा. पाण्याचा रंग बघा की." मी बघितलं तर मघाचं हिरवट पाणी चहासारखं झालेलं आणि मधनं काटक्या, पालापाचोळा, उसाचं पाचट असं एका ओळीत चाललेलं. हवा भरायला वीस मिनिटं लागली असतील. चप्पल आणायला खाली गेलो तर ती ओली. वरच्या डोंगरात पाऊस झालेला, आमच्या डोक्यावर थेंब नव्हता. तशीच हवा सोडली, घडी घातली आणि आबांच्या शेजारी बसून तासभर नदी बघितली. सात कोरड्या राहिल्या तेव्हा उठलो. तेव्हापासून वहीत पायऱ्यांसोबत अजून दोन गोष्टी लिहितो, रंग, आणि दगडावर पाण्याच्या वर ओला काळा पट्टा आहे का, पट्टा असेल तर पाणी उतरतंय, पट्टा नसेल आणि कचरा वाहत असेल तर चढतंय.

घेऊ का असं विचारणाऱ्यांसाठी: बोट, पॅडल, दोन लाइफ जॅकेट, दोन हेल्मेट, फेकायची दोरी धरून माझे चाळीस हजाराच्या आसपास गेले. पैसे कमी असतील तर बोट साधी घ्या पण जॅकेट आणि हेल्मेट चांगलं घ्या, कमी पाण्यात डोकं दगडाला लवकर लागतं. सीटचे पट्टे सैल पडतात, दर दोन महिन्यांनी बघा. ठेवताना पूर्ण वाळवा, मी घडीत शंखजिऱ्याची पूड टाकलीय आणि उंदरांमुळं पत्र्याच्या पेटीत ठेवलीय. काल घाटावर जाऊन आलो, पाच पायऱ्या कोरड्या होत्या. आबांनी मोटार वर ओढून घेतलीय.