आय५ १२४०० की रायझन ५ ७६००? पुण्यात पीसी असेंबल करताना

तपकीर गल्लीत किंवा टिळक रोडवर कोटेशन मागितलं की पहिल्या ओळीत प्रोसेसर असतो आणि घासाघीसही त्याच ओळीवर होते. पण प्रोसेसर कधी एकटा घरी येत नाही, सोबत बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात) आणि रॅम ठरवूनच येतो. म्हणून दोन कोटेशनं घ्या आणि प्रत्येकात या तिन्हींची बेरीज करा. निम्म्या लोकांचा निर्णय त्या बेरजेतच होतो.

मधल्या बजेटमध्ये हल्ली बहुतेकांसमोर हेच दोन पर्याय असतात. इंटेलचा कोअर आय५ १२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ७६००. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. दोन्हींच्या बॉक्समध्ये कूलर येतो, त्यामुळे तो खर्च वेगळा धरायला नको. फरक आहे तो वेगात, रॅममध्ये आणि पुढच्या वाटेत.

आधी रॅम. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे हा मुद्दा आता पहिल्या नंबरवर आला आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. १२४०० हा दोन्हींवर चालतो. ७६०० ला डीडीआर५ च लागते. घरच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ च्या आठ-आठ जीबीच्या दोन चांगल्या पट्ट्या असतील, तर १२४०० घ्या. फार विचार करायची गरज नाही. फक्त बोर्ड घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. एकाच मॉडेलचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन वेगळे बोर्ड मिळतात, नाव जवळपास सारखंच असतं आणि स्लॉटमधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. बिलावर बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

सगळंच नवं घेणार असाल, तर आमचं मत ७६०० च्या बाजूने आहे. त्याचा वेग ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, १२४०० चा ४.४ पर्यंत. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी आहे, तिकडे १८. कोड कंपाइल करताना आणि भारी ग्राफिक्स कार्डावर गेम खेळताना हा फरक जाणवतो. कार्ड मधलं असेल आणि रिझोल्यूशन मोठं असेल, तर तेवढा जाणवत नाही, कारण तिथे कार्डच आधी दमतं. याहून मोठी गोष्ट सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची. ७६०० चा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्याच बी६५० बोर्डावर, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, एएमडीचा नंतरचा ९८००एक्स३डी सुद्धा चालतो. १२४०० चा एलजीए१७०० चौदाव्या पिढीपाशी संपला. त्यातून बोर्ड स्वस्तातल्या एच६१० चिपसेटचा असेल, तर तिथे आय७ बसवायचा विचारही करू नका. वीज पुरवणारा त्याचा भाग तेवढा दमदार नसतो.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी मात्र पारडं फिरतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांतून बऱ्याचदा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहिती असलेलं, दाबून साठवलेलं) फुटेज येतं. १२४०० च्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओसाठीचा खास भाग) ते हार्डवेअरवर उलगडतं, ७६०० च्या आतल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. टाइमलाइन अडखळत पुढे सरकते ती याच कारणाने. इथे १२४००एफ घेऊन चूक करू नका. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. कार्ड नसेल तर एफवाल्यावर स्क्रीनच येत नाही, आणि ग्राहक बोर्ड खराब म्हणून परत आणतो. एएमडीच्या ७५००एफ चंही तसंच.

७६०० मध्ये आतलं ग्राफिक्स आहे, पण ते स्क्रीन दाखवण्यापुरतं. कार्ड न घेता थोडेफार गेम खेळायचे असतील, तर एएमडीचाच ८६००जी बघा. त्याची एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे ७६०० च्या निम्मी, त्यामुळे वर्षभरात कार्ड घेणारच असाल तर तो नको.

आता उन्हाळा. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३६-३७ अंश असतात आणि खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं. ७६०० ची मर्यादा ९५ अंश, १२४०० ची १००. सोबतच्या छोट्या कूलरवर लांब रेंडर लावला तर ७६०० मर्यादेच्या जवळ जातो आणि स्वतःच वेग कमी करतो. बिघडत काही नाही, पण पंख्याचा आवाज ऐकू येतो. बायोसमध्ये इको मोड (कमी विजेवर चालवणारी सेटिंग) लावला की शांत होतो. पूर्ण जोर लावला तर ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, १२४०० ११७ पर्यंत जातो. दोन्ही सांभाळायला सोपे आहेत. इंटेलचा १४६००के मात्र १८१ पर्यंत चढतो, त्याला मोठा कूलर वेगळा घ्यावा लागतो. वळवाच्या पावसात वीज जायचीच, म्हणून यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. त्यावर ग्राफिक्स कार्डवालं मशीन गेम चालू असताना टिकणार नाही.

बसवताना चुका ठरलेल्या जागीच होतात. दोन्ही सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर कडेने धरायचा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि वरून सरळ ठेवून सोडायचा. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. एक पिन वाकली की बोर्डाची वॉरंटी बहुतेक वेळा गेलीच. वरचं प्लास्टिकचं झाकण आधी काढू नका, लिव्हर बंद होताना ते आपोआप निघतं, आणि फेकूही नका, वॉरंटीला लागतं.

७६०० सोबतचा कूलर स्क्रूचा आहे. त्यासाठी बोर्डावरच्या दोन्ही प्लास्टिक पट्ट्या काढायच्या, मागची धातूची प्लेट सॉकेटलाच जोडलेली असते ती तशीच ठेवायची आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. १२४०० च्या कूलरला चार पुश-पिन असतात. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असतानाच त्या समोरासमोर दाबा आणि बोर्ड उलटा करून चारही पाय पूर्ण बाहेर आलेत का ते बघा. एक पाय जरी अर्धवट राहिला तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि तापमान मिनिटभरात वर जातं.

डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला असतो. तेव्हा रॅम ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. घाबरून स्विच बंद केला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्क्रीन आल्यावर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी एएमडीची सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते.

खरेदी करताना सीलबंद बॉक्स मागा. बॉक्सवाल्या दोन्ही प्रोसेसरना कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी सहसा फक्त दुकानदाराची राहते आणि कूलरही मिळत नाही. जीएसटी बिलावर बॉक्सवरचा सिरियल नंबर टाकून घ्या आणि काउंटरवरच दोन्ही जुळवून बघा.