२१४ पोरं, १८७ पोरं आणि माझे ४१,१३० रुपये

आधी आकडा सांगते, कारण घरी तो मी तीन वेळा तीन वेगवेगळे सांगितलेत. खरा आकडा ४१,१३० रुपये. एका बनावट जर्नलमध्ये माझा संशोधनाचा पेपर छापण्यापायी गेले. एकदम गेले नाहीत. ५९०, ४,५००, २,०००, २४,५००, ३,५४० आणि ६,००० असे सहा खेपांत गेले, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. ५९० आणि ३,५४० मध्ये अठरा टक्के जीएसटी लावला होता. जीएसटी नंबर एकाही पावतीवर नव्हता. पण जीएसटी दिसला की वाटतं, माणूस रीतसर आहे. मलाही वाटलं.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आठ वर्षं, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही चार-चार महिने तुंबून येतात. ४१ हजार म्हणजे माझे अडीच महिने. ‘तू तं सायकॉलॉजी शिकवते नं?’ हे नवऱ्याने विचारून झालंय, बहिणीने विचारून झालंय, ठाण्यातल्या हवालदारानेही विचारलंय. तुम्ही नका विचारू.

कायम जागेची एक जाहिरात निघाली होती. छाननीत छापून आलेल्या संशोधनाच्या पेपरला गुण. माझ्याकडे नेट, पीएचडी, सगळं आहे, चांगल्या जर्नलमधला पेपर नाही. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादीच बंद केली आणि कुठलं जर्नल चांगलं ते ज्याच्या-त्याच्या संस्थेने ठरवावं असं सांगितलं. आमच्या संस्थेने काय ठरवलं? समिती नेमायचं. समितीची बैठक अजून व्हायचीय. पण नेट-सेटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं: ‘केअर गेलं मॅम, आता फक्त स्कोपस चालतं. एप्रिलच्या अंकात दोनच जागा आहेत.’ स्कोपस म्हणजे जर्नलांची जगभर मानली जाणारी एक यादी.

पेपर माझा स्वतःचा होता. हे ठासून सांगते, कारण लोकांना वाटतं मी विकत घेतला. स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री मोबाईल किती बघतात आणि त्यांची झोप कशी आहे, असा विषय. जानेवारी-फेब्रुवारीत प्रतापनगर, नंदनवन, महाल असं फिरून सहा रीडिंग रूममधून फॉर्म भरून घेतले. झोपेसाठी पिट्सबर्गची प्रश्नावली. २१४ फॉर्म. संध्याकाळी सातनंतर, स्कूटीवर, थंडीत. पोरं चहा प्यायला खाली उतरली की त्यांना गाठायचं. ६३ नंबरच्या फॉर्मवर भंडाऱ्याकडच्या एका पोराने समासात लिहिलं होतं, ‘मॅडम, मोबाईल आहे म्हणून झोप लागते. रात्री आईशी बोलतो.’

निकाल आला ०.०८. ज्यांना कळतं त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी: मोबाईलचा आणि झोपेचा काही संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा संबंध दिसायची शक्यता शंभरात आठ. ०.०५ च्या आत आला तर ‘सिग्निफिकंट’, म्हणजे संशोधन, बाहेर राहिला तर रद्दी.

तर ३ एप्रिलला ग्रुपवरच्या त्याच ‘सरां’ना पहिले ५९० दिले, प्लॅगरिझम रिपोर्टचे, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना ते तपासायचे. ५९० रुपयांत काय जातं? त्याच आठवड्यात मी बीए दुसऱ्या वर्षाला फ्रीडमन आणि फ्रेझरचा १९६६ चा प्रयोग शिकवत होते. कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक लावू द्या म्हणून विचारलं, तेव्हा १७ टक्के हो म्हणाले. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची एक छोटीशी पट्टी लावू दिली होती, त्यांच्यातले ७६ टक्के हो म्हणाले. आधी पाऊल दारात, मग अख्खा माणूस घरात. फळ्यावर चित्र काढून शिकवलं. फलक चांगला मोठा काढला होता. मधल्या सुट्टीत मोबाईल काढला आणि ‘सरां’ना विचारलं, पुढचं काय?

पुढचं म्हणजे डेटा अ‍ॅनालिसिस, ४,५०० रुपये. ‘मॅम, रिझल्ट सिग्निफिकंट नसेल तर रिव्ह्यूअर वाचत नाही. आमचे स्टॅटिस्टिशियन बघून देतील.’ मी एक्सेल पाठवलं. दोन दिवसांत आउटपुट आलं. ०.०३.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो क्षण सांगते. रात्रीचे पावणेबारा, पोरगी झोपलेली, मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मोबाईलवर ती फाइल उघडली. ०.०३ बघून आधी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हटलं. मग दुसरा तक्ता. मुलं ११२, मुली ७५. बेरीज १८७. पुन्हा केली. १८७. माझे फॉर्म २१४. सत्तावीस पोरं गेली कुठे?

मला दिसलं होतं. हेच तर दुखणं आहे. मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, ‘आउटलायर काढले मॅम, डेटा क्लीन केला.’ आउटलायर म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे. कोणते काढले ते मी एक्सेलमध्ये जाऊन पाहिलं. रात्री दोनपर्यंत मोबाईल बघूनही ज्यांची झोप ठणठणीत, नेमकी ती पोरं. ६३ नंबर त्यात होता. ओळच नव्हती त्याची.

आणि मी ‘ओके सर’ लिहिलं. सोबत हात जोडल्याचं चिन्ह.

माझी बाजूही ऐका. हे मी एकटीने केलेलं नाही. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सॉन या तिघांनी हेच दाखवून दिलं होतं. कोणाला ठेवायचं, कोणाला वगळायचं, फॉर्म गोळा करणं कधी थांबवायचं एवढी मोकळीक संशोधकाला दिली, तर खोटा निकाल खरा ठरायची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत चढते. त्यांनी मुद्दाम असं ‘सिद्ध’ करून दाखवलं की एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय दीडेक वर्षाने कमी होतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मुळात ९७ टक्के ‘सिग्निफिकंट’ होते, पुन्हा केल्यावर उरले ३६ टक्के. आणि ‘फॉर्मवर सही आधी घेतली तर लोक खरं लिहितात’ हा पीएनएएस या अमेरिकेतल्या नामांकित जर्नलमधला २०१२ चा अभ्यास? प्रामाणिकपणावरचाच अभ्यास, आणि त्यातल्या गाड्यांच्या किलोमीटरचा डेटाच बनावट निघाला. एक्सेलमध्ये दोन वेगवेगळे फॉन्ट सापडले हो! २०२१ मध्ये मागे घेतला. एवढ्या मोठ्या जर्नलच्या लक्षात यायला नऊ वर्षं लागली, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या लक्षात नऊ मिनिटांत यावं?

आलं होतं, असो.

पुढे २,००० भाषा सुधारायचे. १३ एप्रिलला पेपर ‘सबमिट’, १७ ला ‘अ‍ॅक्सेप्टेड’. चार दिवस! खऱ्या जर्नलमध्ये चार दिवसांत पेपर मिळाल्याची पोचसुद्धा धड येत नाही. पेपर तपासणाऱ्या दोन रिव्ह्यूअरचे शेरे आले. पहिल्याने लिहिलं, विषय महत्त्वाचा आहे, इंग्रजी सुधारा. दुसऱ्याने लिहिलं, रुग्णांच्या प्रकृतीतली सुधारणा छान मांडली आहे. माझ्या पेपरात एकही रुग्ण नाही. रीडिंग रूममधली पोरं आहेत.

तिसऱ्या पानावर मी २१४ लिहिलेलं तसंच राहिलं होतं आणि तक्त्यात १८७. बेरीज येणारा कोणीही माणूस विचारेल की हे काय. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि मला हायसं वाटलं. एरवी मी पोरांना सांगते, रिव्ह्यूअरने झोडपलं की पेपर सुधारतो. त्या दिवशी मला झोडपणारा नको होता. माझा पेपर कोणी वाचूच नये, फक्त छापावा, असं मला वाटत होतं. नेमकं तेच त्यांनी मला विकलं.

१८ एप्रिलला २४,५०० गेले. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं, साधं बचत खातं. युरोपातल्या जर्नलची फी कुण्या बाईच्या बचत खात्यात कशी जाईल? हा प्रश्न तुम्ही पैसे पाठवायच्या आधी विचारा. मी महिन्याने विचारला. मग ३,५४० डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) आणि प्रमाणपत्राचे, १२ मेला ६,००० ‘इंडेक्सिंग’चे, म्हणजे स्कोपससारख्या यादीत पेपर चढवायचे. इंडेक्सिंगचे पैसे लेखकाकडून कोणी घेत नाही. कोणी मागितले की तिथेच ब्लॉक करा.

मी तपासलं नव्हतं असं नाही. जर्नलचं नाव स्कोपसच्या यादीत होतं, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, जुळत होता. जर्नल खरंच आहे, युरोपातलं आहे, जुनं आहे. फक्त मी ज्या वेबसाइटवर होते ती त्याची नव्हती. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, नंबर तोच, पत्त्यात एक आडवी रेघ जास्त. याला हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटने २०२२ पासून अशा जर्नलांची यादी ठेवली आहे, फुकट बघता येते. मला मेमध्ये कळलं. लिंक त्यांनी पाठवलेली उघडायची नाही, एवढं तरी लक्षात ठेवा. स्कोपसची यादी स्वतः उघडा, तिथून प्रकाशकाकडे जा, प्रकाशकाकडून जर्नलकडे. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या ईमेलवर दोन ओळी टाका. मी नंतर टाकल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचा पेपर आमच्याकडे आलेलाच नाही, आणि असे ईमेल आम्हाला रोज येतात.

भांडं फोडलं आमच्या ग्रंथपाल मॅडमनी, २३ मेला. अर्जाला जोडायला प्रत काढत होते. त्यांनी चष्मा वर करून डीओआय बघितला, कॉम्प्युटरवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सापडत नाही. दहा सेकंदांचं काम. ३,५४० रुपये देऊन मला दहा सेकंद सुचलं नाही.

पावतीवर सीताबर्डीचा पत्ता होता. ऐन नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून गेले. तिथे झेरॉक्स आणि थीसिस बायंडिंगचं दुकान. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘जर्नलवाले का जी? हप्त्यातून एक-दोघं येतेच. आमचा काही संबंध नाही.’ मग म्हणाला, ‘पाणी घ्या.’ एवढ्या सगळ्या प्रकरणात पाणी त्या एकट्यानेच विचारलं.

आता ठाणं. ‘पेपरची फसवणूक’ म्हटल्यावर हवालदार साहेब सरसावून बसले. ‘कोणता पेपर फुटला?’ नाही हो, संशोधनाचा. ‘मंग वर्तमानपत्रात का?’ पाऊण तास समजावलं. प्रिंट काढलेल्या त्यांनी उलटसुलट करून बघितल्या. मग म्हणाले, ‘मॅडम, तुम्हाले पेपर छापून पाह्यजे होता. तुमचं नाव छापलं आहे. फोटो बी आहे. मंग फसवणूक कोणती?’ खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. जर्नल खोटं आहे म्हटलं, तर ‘खोटं आहे तं तुम्ही तिथं काऊन दिला?’ शेवटी एक अर्ज ठेवून घेतला. शिक्का मारून पोच द्यायला दुसऱ्या दिवशी बोलावलं, दुसऱ्या दिवशी शिक्का ज्यांच्याकडे ते बंदोबस्ताला. चार चकरा झाल्या. जूनमध्ये कळलं की अर्ज दुसरीकडे ‘वर्ग’ केलाय. कुठे, ते सांगणारा रजेवर.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा, आम्ही काही करू शकत नाही. तुम्ही मात्र असं काही झालं तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे दुसऱ्या खात्यात सरकायच्या आत. मी लाजेपायी अकरा दिवस घालवले.

कॉलेजचं तर विचारूच नका. संशोधन कक्षाच्या प्रमुखांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘नॅकचं वर्ष आहे, बाहेर बोलू नका.’ नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. मला वाटलं कॉलेजच्या अब्रूची काळजी. नंतर त्याच बनावट साइटवर आमच्या संस्थेचं नाव टाकून शोधलं. माझ्याशिवाय आणखी चार पेपर. दोन कायम नोकरीतल्यांचे, प्रमाणपत्रं फाइलला लावून गुण घेतलेले. त्यांना कळलं नाही की कळूनही गप्प आहेत, मला ठाऊक नाही. पण मी तक्रार केल्यापासून स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलणं कमी झालंय आणि पुढच्या सत्राचे माझे तासही कमी झालेत. यूजीसीने २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली होती. त्या ४,३०५ मधल्या पेपरांवर ज्यांना बढत्या मिळाल्या, त्यांच्याकडे कोणी परत बघितलं का? सीएचबीवालीची फाइल तेवढी भिंग लावून तपासायची.

पेपर मागे घ्यायला मी लिहिलं, त्यावर ‘विथड्रॉवल फी’ १८,००० मागितली. देणार नाही. तुम्हीही देऊ नका. एकदा दिली की आणखी मागतात. आणि तो पेपर तिथे लटकला आहे तोवर तोच डेटा दुसरीकडे पाठवायचा तर संपादकाला आधी ही सगळी कहाणी लिहावी लागते. एकाला लिहिली. उत्तर नाही.

मधल्या काळात मी २१४ चं गणित पुन्हा स्वतः केलं, ६३ नंबरला परत घेऊन. ०.०८ च आला. तसाच लिहितेय. त्या साइटवरचा माझा फोटो मात्र अजून हलत नाही. नाव शोधलं की पहिला तोच येतो. उघडलात तर पान ३ आणि तक्ता २ शेजारी शेजारी ठेवून बघा.