काकांचं छाती उघडून, आईचं दुर्बिणीतून : पुण्यातल्या एका छाती-शस्त्रक्रिया विभागाचा अनुभव

एकाच हॉस्पिटलच्या एकाच विभागात आमच्या घरातली फुप्फुसाची दोन ऑपरेशनं झाली. आधी काकांचं, छाती उघडून. नंतर आईचं, दुर्बिणीतून. दोन्ही वेळा पेशंटजवळ मीच राहिले. विभाग चांगला आहे, पुन्हा वेळ आली तर तिथेच जाईन. पण ‘तिथे दुर्बिणीतून करतात’ एवढंच ऐकून कुणी हॉस्पिटल ठरवू नये.

काकांना पूर्वी टीबी होऊन गेला होता. त्यामुळे फुप्फुसात राहिलेल्या जुन्या पोकळीत बुरशीची गाठ झाली आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं. सर्जननी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, की फुप्फुस आतून छातीला चिकटलंय, इथे दुर्बिणीचा हट्ट नको. पाठीकडून खाकेखाली येणारा लांब छेद घेऊन, बरगड्या फाकवून फुप्फुसाचा वरचा भाग काढला. पाठीत एपिड्युरलची, म्हणजे दुखणं दाबणारं औषध सोडणारी, बारीक नळी होती तोवर काका नीट बोलत होते. ती काढल्यावर खरा त्रास सुरू झाला. बरगड्यांमधल्या नसा दुखावलेल्या असतात, त्यामुळे खोकायचीच धास्ती बसते. आणि खोकलं नाही तर कफ साठून न्यूमोनियाची भीती. तिथल्या फिजिओताईंनी उशी छातीशी घट्ट धरायला लावली. “काका, दमानं श्वास घ्या, आता एकच जोरात खोका.” स्पायरोमीटर म्हणजे श्वास ओढून गोळे वर उचलायचं व्यायामाचं साधन. त्याचा 600 चा गोळा वर जायचा, 900 चा जागचा हलायचा नाही. पण ताईंनी पिच्छा सोडला नाही. घरी आल्यावरही सदऱ्याच्या बाहीत हात घालायला दुसरं माणूस लागायचं. छातीची ती बाजू पुढे बरेच महिने बधिर होती.

आईची गाठ लहान होती, कॅन्सर लवकर सापडला. तीन छेद, त्यातला एक जरा मोठा. कापलेला भाग पिशवीत घालून तिथूनच बाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी ती छातीतली हवा-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची बाटली हातात धरून वॉर्डात फिरत होती. दुखत नव्हतं असं नाही, नळीच्या जागी चांगलंच टोचायचं. पण हात डोक्यापर्यंत जात होता, वेणी तिची तिने घातली. नळी मात्र लांबली, कारण खोकलं की बाटलीत बुडबुडे यायचे, म्हणजे फुप्फुसातून अजून हवा गळत होती. छेद लहान असला म्हणून हे चुकतंच असं नाही.

दोघांचे आजारच वेगळे, त्यामुळे आमच्या घरावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. म्हणून मी ब्रिटनमधला ‘व्हायोलेट’ अभ्यास वाचला, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला. 9 हॉस्पिटलं, फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान किंवा संशय असलेले 503 रुग्ण, आणि कुणाचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीनं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. पद्धत ठरल्यापासून पाच आठवड्यांनी रोजच्या हालचालींच्या 100 पैकी गुणांचा मधला आकडा (मीडियन) दुर्बीणवाल्यांचा 73, छाती उघडलेल्यांचा 67. हॉस्पिटलमध्ये असताना गुंतागुंत अनुक्रमे 32.8 टक्के आणि 44.3 टक्के. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की कॅन्सर पूर्ण निघण्यात दुर्बीण कमी पडली नाही. आईच्या वेळी माझी खरी काळजी तीच होती.

संमतीपत्रावर सही घेताना ‘गरज पडली तर छाती उघडू’ ही ओळ डॉक्टरांनी बोट ठेवून समजावली. रक्तस्राव झाला किंवा आत चिकटलेलं निघालं तर तसं करावंच लागतं, त्यात अपयश नाही. ही ओळ न समजावता सही मागणाऱ्या ठिकाणी मी माझं माणूस ठेवणार नाही.

तक्रारी दोन. स्टेपलरच्या, म्हणजे फुप्फुस कापून लगेच पिना मारून बंद करणाऱ्या साधनाच्या, काडतुसांचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ती बरीच लागतात आणि महाग असतात, तेव्हा आकडा आधीच लेखी मागा. दुसरी, घरी करायच्या व्यायामाचा कागद फक्त इंग्रजीत. काकांसाठी मी तो मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवला.

जाणार असाल तर ऑपरेशनच्या आधीच फिजिओताईंना भेटा. स्पायरोमीटर तेव्हाच घ्या आणि घरी सराव सुरू करा. आईने तसं केलं होतं, काकांना ती सवड मिळाली नव्हती.