सशांच्या पिल्लांसाठी प्रोबायोटिक पावडर: चार वेतांचा अनुभव

तासगाव तालुक्यातील आमच्या शेतावर सशांच्या वीस माद्या आहेत. दूध तोडल्यानंतरच्या पंधरवड्यात पोट फुगून आणि ढाळ लागून पिल्ले दगावतात, हे दुखणे ससे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. म्हणून सांगलीतील पशुऔषधांच्या दुकानातून यीस्ट आणि बॅसिलस सबटिलिस हा उपयुक्त जिवाणू असलेली प्रोबायोटिक पावडर आणली व चार वेतांतील निम्म्या पिल्लांना ती खाद्यातून दिली.

आईच्या दुधातील काही स्निग्धाम्ले पिल्लाच्या पोटात घातक जिवाणूंना वाढू देत नाहीत. दूध तुटले की ते संरक्षण जाते. मोठ्या सशाच्या जठराचा सामू 1 ते 2 इतका आम्लधर्मी असतो, पण पिल्लाच्या जठराला तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि नेमक्या याच काळात ई. कोलाय व क्लॉस्ट्रिडियम हे घातक जिवाणू बळावतात. बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे त्याचे कवचातले सुप्त रूप, आम्लातून जिवंत पार होतात, म्हणून हा प्रकार मी निवडला. दह्यातील लॅक्टोबॅसिलस सशाच्या आतड्यात मुळातच फार कमी आढळतो, तेव्हा केवळ त्यावर भर देणारी पाकिटे मी घेतली नाहीत.

पावडर खाल्लेल्या पिल्लांच्या जाळीवर सकाळी मऊ लेंड्या कमी पडलेल्या दिसल्या. निरोगी ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्या पडून राहू लागल्या की पोटाचा तोल ढळला असे आम्ही समजतो. तीन वेतांत हा फरक स्पष्ट होता. चौथ्या वेताच्या वेळी मात्र पावसाने वाळलेले गवत भिजले, लसूणघासही मिळेना आणि गोळी खाद्य वाढवावे लागले. तेव्हा पावडर चालू असूनही दोन्ही गटांत ढाळ लागले. याचे कारण मला पटते: पावडरमधील जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, देणे थांबले की ओसरतात, आणि तंतुमय चाऱ्यावर जगून ॲसेटिक व ब्युटिरिक आम्ल तयार करणारे मूळचे जिवाणू उपाशी पडले तर त्यांची जागा कोणतीही पुडी भरून काढू शकत नाही.

पाकिटावर जिवाणूंचा नेमका वाण आणि मुदत संपेपर्यंत प्रति ग्रॅम जिवंत संख्या किती राहील, हे छापलेले नाही. पैसे देणाऱ्याला हे कळायलाच हवे. सांगलीच्या एप्रिलमधील उन्हात दुकानाच्या फळीवर राहिलेल्या पाकिटातले बीजाणू टिकतील, यीस्टचा भरवसा मला वाटत नाही. म्हणून मी नवा माल आल्याची खात्री करूनच घेतो. आणखी एक कळकळीची विनंती: पावडर चालू असली तरी सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देऊ नये, त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो.

यापुढे मी पावडर दूध तोडण्याच्या आधी चार दिवस आणि नंतर दोन आठवडे एवढीच देणार आहे, आणि वर्षभर द्यायला लागणारे पैसे वाळल्या गवताच्या कोरड्या साठवणीसाठी पत्र्याची शेड घालण्यात खर्च करणार आहे.