हरकती व सूचना : एका किनारी नगरपरिषदेच्या सेवेचे परीक्षण

खानावळींना आणि समुद्रकाठच्या निवासांना गुण देणारे पुष्कळ आहेत. मी येथे ज्या सेवेचे परीक्षण करतो आहे ती नागरिकाच्या वाट्याला फार क्वचित येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 38 प्रमाणे शहराच्या विकास योजनेचे, म्हणजे घरे, रस्ते व मोकळ्या जागा कुठे असाव्यात हे ठरवणाऱ्या आराखड्याचे, वीस वर्षांतून निदान एकदा पुनर्विलोकन व्हावे लागते, आणि त्या वेळी प्रारूप (मसुदा) योजनेवर हरकती व सूचना मागवल्या जातात. आमच्या किनाऱ्यावरील एका छोट्या नगरपरिषदेने ही सेवा कशी दिली, एवढाच माझा विषय आहे. शहराचे नाव देत नाही, कारण कोकणातल्या इतर नगरपरिषदांतही फारसे निराळे घडत असेल असे वाटत नाही.

सेवेची सुरुवात जाहिरातीने होते. कायद्याप्रमाणे ती राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत येते, आणि आमचीही आली. पण डांबरीकरणाच्या निविदेच्या खाली, अशा बारीक टाइपात की ती वाचायला चष्मा पुसून घ्यावा लागावा. मला ती दिसली याचे श्रेय नगरपरिषदेचे नाही. आमच्याकडे जमिनीच्या खरेदीविषयीच्या जाहीर नोटिसा लोक डोळ्यांत तेल घालून वाचतात, कारण कुठला भाऊबंद सामाईकातला हिस्सा कधी विकेल याचा नेम नसतो. त्या सवयीने मी त्या पानावर गेलो आणि ही जाहिरात सापडली. नकाशा कुठे पाहता येईल, कार्यालयाची वेळ काय आणि हरकत कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारली जाईल, हे तीत नीट दिले होते. कोणत्या वाडीत काय बदलणार आहे, याचा मात्र एक शब्दही नव्हता.

नकाशा पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात भिंतीला लावला होता. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा मोकळ्या जागांचा, हे बाजूच्या सूचीवरून समजते. पण सर्व्हे नंबर मुंगीएवढे असल्यामुळे स्वतःचे घर शोधायला मला वीस मिनिटे लागली. ते सापडल्यावर दिसले की वरच्या वाडीतून बाजारपेठेत उतरणाऱ्या आमच्या पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेवरून, 9 मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता लाल रेषांनी आखला आहे. कागदावर ती वाट सरळ आणि सपाट दिसते. प्रत्यक्षात ती जांभ्याच्या पायऱ्यांची आहे, एका अंगाला गडगा (दगडी कुंपण) आणि दुसऱ्या अंगाला वहाळ (ओढा) आहे, आणि पावसाळ्यात त्या वहाळातून जे पाणी उतरते त्याला दुसरी वाट नाही. नकाशाजवळ बसलेल्या कर्मचाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने उठून, बोट ठेवून पाहिले आणि म्हणाला, “हे लेखी द्या, साहेब. तोंडी सांगितलेलं इथेच राहतं.” या संपूर्ण सेवेतला सर्वांत उपयुक्त सल्ला मला त्याच्याकडून मिळाला, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

त्याच संध्याकाळी मी टेप घेऊन पाखाडी मोजली. सर्वांत अरुंद ठिकाणी ती 1.8 मीटर भरली आणि पायऱ्या चौसष्ट निघाल्या. छायाचित्रे, मालमत्ता पत्रकाची प्रत आणि भाग नकाशावर (योजनेच्या नकाशातील आमच्या भागाच्या उताऱ्यावर) पेन्सिलीने दाखवलेली वहाळाची रेघ असे सारे अर्जाला जोडले. “रस्ता रद्द करा” एवढेच न लिहिता रस्ता वहाळाच्या पलीकडच्या पडीक भागातून न्यावा असा पर्यायही सुचवला, आणि शेवटी प्रत्यक्ष सुनावणीची मागणी केली. वाडीतल्या चाळीस जणांच्या सह्यांचा एकच अर्ज देण्याचा आमचा बेत होता, पण टपाल बारनिशीतल्या (आवक-जावक नोंदीच्या खिडकीवरच्या) बाईंनी सांगितले की असा अर्ज एकच हरकत म्हणून नोंदला जातो, तेव्हा ज्यांना द्यायची आहे त्यांनी वेगवेगळी द्यावी. आम्ही तसे केले. प्रत्येक अर्जाच्या दुय्यम प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख न कुरकुरता मिळाली. एका फेरीत सतरा अर्ज घेऊनही बाईंच्या कपाळावर आठी आली नाही. बारनिशीच्या खिडकीला मी पाचपैकी पाच गुण देतो.

इथे या सेवेतला एक दोष सांगितला पाहिजे, जो कर्मचाऱ्यांचा नसून तिच्या रचनेचाच आहे. आमच्याकडच्या सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर दहा-बारा नावे असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे मुंबईत, ठाण्यात नाही तर डोंबिवलीत राहतात. ती गणपतीला आणि शिमग्याला येतात. आमची मुदत नेमकी या दोन सणांच्या मधल्या काळात सुरू झाली आणि त्याच काळात संपली. योजनेतील किरकोळ फेरबदलासाठी कलम 37 खाली जी प्रक्रिया होते, तीत बाधित व्यक्तींना वेगळी नोटीस द्यावी लागते; परंतु संपूर्ण शहराच्या प्रारूप योजनेला वृत्तपत्रातली जाहिरात पुरेशी मानली जाते, आणि इथले स्थानिक वृत्तपत्र डोंबिवलीच्या घरात पडत नाही.

सुनावणी नियोजन समितीपुढे झाली. कलम 28 प्रमाणे या समितीत नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे इथे नगरपरिषदेचे, तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. अकराची वेळ दिली होती, नंबर अडीचला लागला, आणि आत मला चार मिनिटे मिळाली. त्यातला बहुतेक वेळ माझा आवक क्रमांक शोधण्यात गेला असला, तरी एका जाणकार सदस्याने छायाचित्र हातात घेऊन विचारले, “पायऱ्या किती आहेत?” मी चौसष्ट म्हणालो. त्यांनी ते समासात लिहून घेतले. आपल्याकडे भाषण तयार असते आणि समोरच्याला आकडा हवा असतो, हे मला त्या चार मिनिटांत उमगले. माझ्याआधीचे गृहस्थ शहराच्या अस्मितेवर बोलले आणि त्यांच्या कागदावर काही लिहिले गेल्याचे दिसले नाही.

पूर्वी एका प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला मी गेलो होतो, त्यामुळे तुलना टाळता येत नाही. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे त्या सुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते, आणि शेवटी लोकांनी काय म्हटले त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवावा लागतो. तिथे आरडाओरडा खूप झाला होता, पण आपले म्हणणे कागदावर कसे उतरले हे कानांनी ऐकून लोक घरी गेले. विकास योजनेच्या सुनावणीत माझे कोणते वाक्य नोंदले गेले, हे मला कोणी वाचून दाखवले नाही.

पुढचे कित्येक महिने काहीच कळले नाही, आणि या टप्प्याला मी शून्य गुण देतो. अखेर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दोन पाने मिळाली, पानाला दोन रुपये दराने चार रुपये भरले. समितीच्या तक्त्यात माझ्या हरकतीसमोर रस्त्याची आखणी बदलण्याची शिफारस होती. कारणाच्या रकान्यात “स्थळ परिस्थिती” हे दोनच शब्द होते. सुधारलेली योजना नगरपरिषदेने नंतर प्रसिद्ध केली. ही प्रसिद्धी मात्र जनतेच्या माहितीसाठी असते. तिच्यावर पुन्हा हरकती मागवल्या जात नाहीत.

गणपतीला मुंबईहून आलेला माझा थोरला चुलतभाऊ तो नकाशा पाहून आमच्या ओटीवर येऊन बसला. मी पडीक म्हणून दाखवलेल्या भागात त्याचा हिस्सा आहे, हे अर्ज लिहिताना माझ्या ध्यानात आले नव्हते. तो म्हणाला, “तुझ्या पायऱ्या वाचल्या, पण माझ्या गडग्याचं काय?” मी त्याला सांगितले की योजना आता मंजुरीसाठी शासनाकडे जाईल, आणि शासनाला तीत मोठ्या स्वरूपाचे फेरबदल करायचे असतील तर कलम 31 खाली त्या फेरबदलांपुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात; तोवर राजपत्रावर लक्ष ठेवावे आणि नगरविकास विभागाला आपले म्हणणे आत्ताच लेखी कळवावे. माझीच टेप घेऊन तो गडगा मोजायला गेला. आरतीच्या आधी परत आला, आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर व गडग्याची लांबी लिहून आम्ही त्याचा अर्ज पुरा केला.